लीन, लाल्या आणि बिनफवारणीची ओळ

हौशी : काका, गाडी तीन हजार आरपीएमपर्यंत लोण्यासारखी चालते. त्यापुढे पाय दाबला आणि टर्बोची हवा भरली की मिस मारते. झटके बसतात, चेक लाइट लुकलुकते. स्कॅनर लावला तर दोन कोड येतात. एक पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन. दुसरा पी ०३००, म्हणजे कधी या तर कधी त्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे : हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन मी वाढवलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. टर्बोचा दाब १ बारपर्यंत नेला, इंजेक्टर मोठे टाकले, उघडा एअर फिल्टर बसवला आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, मॅप बदलून घेतला. हवा वाढली, तेवढं पेट्रोल वाढलं नाही. मॅपमध्ये पेट्रोल १० टक्क्यांनी वाढवलं की झालं. लॅपटॉपवरचं ५ मिनिटांचं काम. त्यासाठी जालना-मंठा रस्त्यावरच्या वाटूर फाट्यावर इंजिन उघडून बसायची गरज काय?

शंकेखोर : गरज अशी, की त्या दोन कोडांत पेट्रोल कुठेच मोजलेलं नाही. एक्झॉस्टच्या नळीत लॅम्डा सेन्सर बसवलेला असतो. त्याला फक्त एकच गोष्ट कळते : धुरात ऑक्सिजन किती उरला. ऑक्सिजन उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं असणार, हा ईसीयूचा तर्क. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो, पण तो तर्कच आहे. ऑक्सिजन उरायला आणखी कारणं असतात. प्लगला ठिणगी पडलीच नाही, तर हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर जातात. सेन्सरला त्यातलं न जळलेलं पेट्रोल दिसत नाही, उरलेला ऑक्सिजन दिसतो, आणि तो लीन म्हणतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल, तर दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा नळीत ओढली जाते. इंजिन ठणठणीत असतं, तरी सेन्सर लीनच म्हणतो.

तू कपाशीच्या पट्ट्यातला आहेस, लाल्या पाहिलेला आहेस. पान लाल झालं म्हणजे मॅग्नेशियम कमी पडलं असेल, नत्र कमी पडलं असेल, तुडतुड्यांनी रस शोषला असेल, मुळाशी पाणी साचलं असेल किंवा रात्रीची थंडी लागली असेल. लाल्या हे लक्षणाचं नाव आहे. पान लाल दिसलं म्हणून दुकानातून पहिली बाटली उचलून मारणारा शेतकरी पैसेही घालवतो आणि हंगामही घालवतो. तुझं लीन हे इंजिनाचा लाल्या आहे. ठिणगी पडत नसताना तू १० टक्के पेट्रोल वाढवलंस, तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढेल, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटेल आणि तो जाळून टाकेल. मिस तशीच राहील.

हौशी : पटलं. पण मी नुसत्या कोडवर थांबलेलो नाही, आकडेही घेतलेत. ईसीयू सेन्सरचं ऐकून पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. माझ्याकडे आयडलला ट्रिम अधिक २० टक्के येतो आणि सरळ रस्त्यावर एका चालीत अधिक ६. या नमुन्याचा अर्थ कुठल्याही शिकलेल्या मेकॅनिकला पाठ असतो. आयडलला लीन आणि चालीत जवळपास ठीक, म्हणजे इंजिन कुठूनतरी चोरटी हवा घेतंय. भोक तेवढंच राहतं; आयडलला एकूण हवा थोडी म्हणून त्याचा वाटा मोठा, चालीत हवा पुष्कळ म्हणून वाटा लहान. उलट आयडलला ठीक आणि भाराखाली लीन असेल, तर पंप किंवा पेट्रोल फिल्टर. आकडे बोलतात काका, त्यांचं ऐकायला शिकलं पाहिजे.

शंकेखोर : आकडे बोलतात, पण कुठल्या इंजिनाबद्दल? तू सांगितलास तो नमुना कंपनीतून निघालेल्या इंजिनासाठी लिहिलेला आहे, आणि तोही आत येणारी हवा सेन्सरने मोजणाऱ्या गाडीसाठी. अशा गाडीत चोरटी हवा न मोजता आत जाते, म्हणून ट्रिम वाढतो. तुझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजून ईसीयू हवेचा हिशेब करतो. तिथे चोरटी हवा आत आली तर दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि तो त्याप्रमाणे पेट्रोलही देतो. अशी गाडी लीन होण्याऐवजी आयडल उंच धरते. तुझं आयडल उंच आहे का?

हौशी : नाही. आठशेवर स्थिर आहे. थोडं थरथरतं, पण उंच नाही.

शंकेखोर : मग २० टक्के आले कुठून? तुझ्या मोठ्या इंजेक्टरकडे बघ. इंजेक्टरला वीज मिळाली की तो त्याच क्षणी उघडत नाही, मधे काही काळ वाया जातो. समज, तुझ्या नव्या इंजेक्टरचा हा काळ १ मिलिसेकंद आहे आणि मॅपमध्ये जुन्या इंजेक्टरचा ०.७ राहून गेलाय. आयडलला दीड मिलिसेकंदाचं पेट्रोल हवं. ईसीयू दीड अधिक ०.७, म्हणजे २.२ मिलिसेकंद वीज देतो. त्यातला १ वाया गेला, उरला १.२. पेट्रोल २० टक्के कमी. ते भरून काढायला ट्रिम बरोबर अधिक २० वर जातो. चालीत ५ मिलिसेकंदाचं पेट्रोल हवं असेल तर तीच चूक ६ टक्क्यांची होते. तुझे दोन्ही आकडे भोक शोधत न बसताच जुळले. वाढवलेल्या इंजिनाचं संकट हेच आहे. कंपनीच्या इंजिनात एका नमुन्यामागे एक-दोनच कारणं असतात. तुझ्यात तोच नमुना तुझ्या स्वतःच्या बदलांनी तयार होतो. पुस्तक तेच राहिलं, इंजिन मात्र त्या पुस्तकातलं राहिलं नाही.

हौशी : पण मग ही चूक मोठ्या भाराखाली जवळजवळ संपायला हवी. ११ मिलिसेकंदाच्या पेट्रोलात ०.३ ची चूक म्हणजे जेमतेम ३ टक्के. माझी गाडी मिस मारते ती नेमकी तिथेच, भाराखाली. म्हणजे मधे दुसरं काहीतरी आहे. मला वाटतं, ते पंपावरचं पेट्रोलच आहे. माझा मॅप बनला तेव्हा टाकीत १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल होतं. देशाने ते १० टक्के २०२२ साली गाठले. २०३० साठी ठरवलेले २० टक्के २०२५ वर आणले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू झाली आणि आता पंपावर तेच मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. मॅप जुना, पेट्रोल नवं, म्हणून गाडी लीन. गावोगाव लोकही हेच बोलतात.

शंकेखोर : लोक बोलतात त्यात तथ्य आहे, पण ते किती आहे हे मोजायला हवं. १० टक्क्यांच्या पेट्रोलला साधारण १४.१ पट हवा लागते, २० टक्क्यांच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. फरक ४ टक्क्यांच्या आसपास. तुझी इंजेक्टरची चूक ३ टक्के धरली तरी दोन्ही मिळून ७. टर्बोच्या पूर्ण दाबाला मॅप मुद्दामच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवलेला असतो; लॅम्डा, म्हणजे हवा गरजेच्या किती पट, ०.८२ च्या जवळपास. ७ टक्के पेट्रोल कमी पडलं तर तो ०.८८ होईल. तरीही रिचच. नुसत्या विरळपणामुळे मिश्रण पेटत नाही अशी अवस्था साध्या इंजिनात लॅम्डा १.३ च्या आसपास आणि त्यापुढे येते. तिथून तू फार दूर आहेस.

आणखी वाईट धरून चालू. पेट्रोलच्या प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून एक बारीक नळी येते. टर्बोचा दाब वाढला की पेट्रोलचाही तेवढाच वाढावा म्हणून ती असते. ती निसटली आहे असं समज. ३ बारच्या पेट्रोलसमोर १ बारची हवा उभी, फरक उरला २ बार. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. हे सगळं एकत्र केलं तर लॅम्डा १.०७ च्या जवळ पोहोचतो. त्या दाबाला हे पिस्टनसाठी घातक आहे, नॉकिंग होईल, पिस्टनचा माथा वितळेल. पण केवळ विरळ झालं म्हणून पेटलंच नाही, असं इथेही म्हणता येत नाही. उसाच्या शेतकऱ्याच्या इथेनॉलवर खापर फोडण्याआधी हा हिशेब करायला हवा होता.

हौशी : म्हणजे तुमच्या हिशेबाने माझे दोन कोड ही एक गोष्ट नाहीच. लीनचा कोड आयडल आणि चालीतल्या चुकीमुळे, आणि मिसफायर भाराखाली ठिणगीमुळे. मी दोन्हींना एकाच दोरीत ओवलं, कारण ते एकाच पडद्यावर दिसले. हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सिलिंडरमध्ये हवा जितकी दाबून भरली तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. दाब मी वाढवला, फट मात्र कंपनीची १ मिलिमीटरच ठेवली. आणि रिचपेक्षा विरळ मिश्रणाला ठिणगीचं व्होल्टेज अजून जास्त लागतं. म्हणून गेल्या वर्षी काठावर चालणारी ठिणगी यंदाच्या पेट्रोलवर विझली असेल. इथेनॉल मूळ दोषी नाही, पण त्याने काठावरचं उघडं पाडलं असेल.

शंकेखोर : असेल. हा शब्द वापरलास ते बरं केलंस. आत्ता तुझ्या हातात एक चांगली शंका आहे. तिला निदान म्हणू नकोस.

हौशी : तिचं निदान इथेच करता येईल, हे मी सांगतो. सगळे म्हणतात, अशी गाडी पुण्याला न्या, जागेवरच भार देणाऱ्या डायनोवर चढवा, वाइडबँड सेन्सर लावा. चांगलंच आहे ते. पण वाटूर फाट्यावर पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर असतो. टर्बोच्या तोंडाला पीव्हीसी पाइपची टोपी आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, अर्धा बार हवा सोडली आणि होसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं, तर गळती फुगे दाखवते. एक्झॉस्टला उलटी हवा हलक्या दाबाने भरून पॅकिंगचीही तीच परीक्षा. मल्टिमीटर तर कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो. पंपाच्या पिनवर साडेतेरा व्होल्ट येतात की बारीक वायरमुळे अकराच, हे त्यावर कळतं. पेट्रोलचं प्रेशर गेज फार महाग नाही. रेग्युलेटरची नळी काढली की दाब वाढला पाहिजे, लावली की घटला पाहिजे. नाही बदलला तर नळीत किंवा रेग्युलेटरमध्ये दोष. प्लगची फट ०.७ करून बघायची. मिस बहुतेक दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये येते असं दिसलं, तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची. मिसफायरचा कोड पी ०३०२ वरून पी ०३०३ वर सरकला तर कॉइल दोषी, जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. यातल्या एकाही गोष्टीला मोठं शहर लागत नाही. लागतो तो क्रम. आधी स्वस्त आणि पालटता येणारी परीक्षा, मग महाग. आणि एका वेळी एकच बदल.

शंकेखोर : क्रम नेटका आहे, मी त्यात काही घालणार नाही. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. या सगळ्या परीक्षा उभ्या गाडीच्या. दोष येतो तो पूर्ण भाराखाली, चार हजार आरपीएमला. ती परीक्षा तू कुठे घेणार? जालना-मंठा रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर आणि शाळेची पोरं असतात. समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो, पण तिथेही मर्यादा १२० ची आहे आणि तो लोकांचा रस्ता आहे. भाराखाली मिस मारणारी, झटके देणारी गाडी तपासायला तिथे नेणं म्हणजे आपल्या हौसेची जोखीम न विचारता दुसऱ्याच्या अंगावर टाकणं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होतात. तिथे येणाऱ्या गाड्यांना निदान बंद मैदान असतं. कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच बजावलं. आणि मिस मारणारं इंजिन न जळलेलं पेट्रोल हवेत सोडतं, ती हवा तुझ्या एकट्याची नाही.

हौशी : रस्त्यावर भाराची परीक्षा घेऊ नये, हे मान्य. त्यासाठी गाडी ट्रकवर चढवून डायनोवर नेईन. पण तुमच्या हरकतीमागे मला आणखी एक गोष्ट ऐकू येते, की मुळात इंजिनाला हातच लावू नये. ते मला मान्य नाही. आज आपण ज्याच्यावर वाद घालतोय तो लॅम्डा सेन्सर १९७६ साली बॉशने बाजारात आणला, आणि तो आला तो वर्षानुवर्षं इंजिनं बिघडवून, पुन्हा जुळवून. पुण्याची एआरएआय संस्था १९६६ पासून हेच करते. इंजिनं ताणायची, तपासायची, नोंदवायची. इंजेक्टरचा वाया जाणारा काळ ही गोष्ट मला कंपनीची गाडी चालवून कधी कळली असती का? गाडी बिघडली म्हणून मी शिकतोय. जालन्याच्या मातीत बियाण्यांवर प्रयोग करणारी माणसं निघाली, तशी यंत्रावर प्रयोग करणारी का निघू नयेत?

शंकेखोर : निघावीत. पण बियाण्याच्या प्रयोगात आणि तुझ्या प्रयोगात फरक काय आहे, तो बघ. बियाणं तपासणारा माणूस शेतात काही ओळी जुन्या वाणाच्या ठेवतो. औषध तपासणारा दोन ओळी बिनफवारणीच्या सोडतो. त्या ओळींवरूनच त्याला कळतं, की पीक औषधाने सुधारलं की पावसाने. तुझ्या इंजिनात बिनफवारणीची ओळ कुठे आहे? टर्बोचा दाब, इंजेक्टर, फिल्टर, मॅप हे सगळं तू एका आठवड्यात बदललंस. मूळ गाडीचा आयडलचा ट्रिम किती होता? पेट्रोलचा दाब किती होता? चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती होतं? बदल करण्याच्या आदल्या दिवशीचा एक तरी आकडा तुझ्या वहीत आहे का?

हौशी : नाही. वहीच नाही.

शंकेखोर : मग दोष शोधताना आपण दोघंही अंदाजावर उभे आहोत. माझा इंजेक्टरचा हिशेब तुझ्या आकड्यांशी जुळला, म्हणून तो खरा ठरत नाही. एक्झॉस्टचं पॅकिंग फुंकत असेल तरी असाच नमुना येऊ शकतो, कारण आयडलला धूर थोडा असतो आणि ओढलेल्या हवेचा वाटा मोठा दिसतो. मूळ आकडा असता, तर यातली निम्मी कारणं एका संध्याकाळी गळाली असती. प्रयोगाला माझी ना नाही, नोंदीशिवायच्या प्रयोगाला आहे.

हौशी : मान्य, ही चूक माझी. पण वही भरायला बसलो असतो, तरी ती पूर्ण झाली असती का, हा माझा प्रश्न आहे. मोठ्या इंजेक्टरच्या खोक्यावर त्याचा वाया जाणारा काळ लिहिलेला नव्हता. ज्याने मॅप बनवला त्याने फाइल कुलूपबंद करून दिली. आत ०.७ आहे की १, हे मला आजही बघता येत नाही. कंपनीही आपल्या मॅपमधलं काही उघड करत नाही. जो आकडा माझ्यापासून लपवला जातो तो मी नोंदवायचा कसा? शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापून मिळते, ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या गाडीच्या सुट्या भागावर आणि मॅपवर तसं काही का असू नये? तुम्ही जबाबदारी एकट्या हौशी माणसावर टाकता. विकणाऱ्याची काहीच नाही का?

शंकेखोर : आहे, आणि या मुद्द्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. कंपनी म्हणेल, मॅप उघडा केला तर उद्या प्रत्येक गाडी धूर सोडेल. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. मॅप बनवणारा म्हणेल, फाइल उघडी दिली तर माझी मेहनत कोणीही उचलेल. त्याचंही खोटं नाही. पण बंद फाइल घेऊन गाडी चालवणारा माणूस निदान करू शकत नाही, तो फक्त पुन्हा त्याच दुकानात जाऊ शकतो. लपवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा किती, आणि तो मागायचा हक्क कोणाचा, हे मी सांगू शकत नाही. एवढं मात्र सांगतो, की जो आकडा दिसत नाही तो मोजायचा मार्ग असतो. इंजेक्टर काढून बेंचवर लावला, वेगवेगळ्या व्होल्टेजला, कमी-जास्त काळ वीज देऊन, किती पेट्रोल पडतं ते मापपात्रात मोजलं, तर त्याचा वाया जाणारा काळ कळतो. कष्टाचं काम आहे, पण कुलूप त्याला अडवू शकत नाही.

हौशी : आणि मोजून कळलं, तरी मॅपमध्ये तो भरायला फाइल उघडी हवीच.

शंकेखोर : हवी. म्हणून मॅप विकत घेण्याआधी फाइल उघडी मिळेल का, हे विचारायचं. मिळणार नसेल तर तो घ्यायचा नाही. आज तुझ्या हातात जे आहे ते कर. टर्बोचा दाब कंपनीच्या आकड्यावर आण, जुने इंजेक्टर परत बसव, कंपनीचा मॅप टाक, प्लग आणि कॉइल तपास. त्या गाडीचे आयडलचे, चालीचे, पेट्रोलच्या दाबाचे आणि कॉम्प्रेशनचे आकडे वहीत लिही, आणि शेजारी टाकीत कुठलं पेट्रोल होतं तेही लिही. ती तुझी बिनफवारणीची ओळ. मग एकेक बदल परत चढव आणि प्रत्येकानंतर तेच आकडे पुन्हा घे. ज्या बदलानंतर ट्रिम उडी मारेल, तिथे थांब. तोपर्यंत या गाडीला टर्बोच्या दाबात नेऊ नकोस. भाराखाली लीन चाललेल्या इंजिनाचा पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात, आणि वितळलेल्या पिस्टनवरून मूळ दोष काय होता हे ओळखणं सगळ्यांत कठीण असतं.